पंपानंतरची हेलन

वॉशिंग्टनमध्ये अमेरिकी संसदेच्या इमारतीत प्रत्येक राज्याचे दोन पुतळे उभे आहेत. आपली ओळख म्हणून देशापुढे कुणाला ठेवायचं, हे ते राज्यच ठरवतं. बहुतेक राज्यांनी सेनानी, राज्यपाल, कायदेपंडित पाठवले. अलाबामा राज्यानं २००९ साली आपला एक जुना पुतळा परत नेला आणि त्या जागी सातव्या वर्षातल्या एका मुलीचा ब्राँझचा पुतळा बसवला. मुलीशेजारी हातपंप आहे, तिचा हात पाण्याच्या धारेखाली आहे आणि चेहऱ्यावर काहीतरी उमगल्याचं आश्चर्य आहे.

ही हेलन केलर. आपल्यापैकी बहुतेकांची तिच्याशी ओळख नेमकी इथंच झालेली असते. शाळेत कुणीतरी तिची गोष्ट सांगितलेली असते, वक्तृत्व स्पर्धेत तिचं नाव घेतलेलं असतं. संजय लीला भन्साळी यांचा ‘ब्लॅक’ हा चित्रपट पाहिलेल्यांनाही पाण्याचा तो क्षण आठवतो. मुलीला ऐकू येत नाही, दिसत नाही. बाई येतात, हातावर पाणी सोडतात, शब्द लिहितात आणि अंधार फिटतो. गोष्ट संपते.

पण पंपाजवळचा तो प्रसंग ५ एप्रिल १८८७ चा. हेलन वारली १ जून १९६८ रोजी. मधल्या एक्क्याऐंशी वर्षांत ती पदवीधर झाली, तिनं पुस्तकं लिहिली, संप करणाऱ्या कामगारांची बाजू घेतली, राष्ट्राध्यक्षांशी पत्रव्यवहार केला, चाळीसेक देश पालथे घातले, एक मोठी चूकही केली. या प्रकरणात आपण पंपापाशी फार वेळ थांबणार नाही. ती स्वतःही थांबली नव्हती.

साठ खुणांची भाषा

हेलनचा जन्म २७ जून १८८० चा, अलाबामातल्या टस्कंबिया या छोट्या गावातला. वडील आर्थर केलर यादवी युद्धात दक्षिणेच्या बाजूनं लढलेले कॅप्टन, पुढे गावातल्या वर्तमानपत्राचे संपादक. आई केट त्यांच्याहून बरीच तरुण, वाचनाची आवड असलेली. हेलन एकोणीस महिन्यांची असताना, १८८२ च्या फेब्रुवारीत, तिला जबर ताप आला. पोटाचा आणि मेंदूचा दाह, असं डॉक्टरांनी सांगितलं. तो लोहितज्वर असावा किंवा मेंदूज्वर, असा तर्क आजचे अभ्यासक करतात. ताप जसा आला तसा उतरला आणि मूल वाचलं म्हणून घर सुखावलं. त्या तापानं काय नेलं, ते त्यानंतर हळूहळू कळत गेलं.

यापुढची पाच वर्षं म्हणजे निव्वळ काळोख होता, असं आपल्याला सांगितलं जातं. ते खरं नाही. सहा वर्षांच्या हेलनकडे घरगुती अशा साठेक खुणा होत्या. पाव हवा असला की ती काप काढून लोणी लावल्यासारखा हात फिरवी. आइस्क्रीम हवं असलं की यंत्र फिरवल्याची खूण करी आणि अंग शहारून दाखवी. स्वयंपाकिणीची मुलगी मार्था वॉशिंग्टन हेलनपेक्षा दोन-तीन वर्षांनी मोठी होती. तिला या खुणा पक्क्या कळत. दोघी मिळून पीठ मळत, कोंबड्यांना दाणे टाकत, गवतात अंडी शोधत. म्हणजे भाषेचं बी त्या घरात आधीच रुजलेलं होतं, आणि त्याला पाणी घालणारी पहिली व्यक्ती ही आठ-नऊ वर्षांची कृष्णवर्णीय मुलगी होती. इतिहासानं तिच्यासाठी दोन ओळींपलीकडे जागा ठेवलेली नाही.

या खुणा मात्र अपुऱ्या पडत होत्या. इतर माणसं खुणा करत नाहीत, तोंडानं काहीतरी करतात, हे हेलनच्या लक्षात आलं होतं. ती बोलणाऱ्यांच्या ओठांवर बोटं ठेवी, स्वतःचे ओठ हलवून पाही आणि काहीच घडलं नाही की रागानं लाथा झाडून किंचाळे. तिच्या रागाला घरचे आडदांडपणा समजत. ती बोलू पाहणाऱ्या माणसाची घुसमट होती.

हातातून हातात

मुलगी शिकू शकेल, ही आशा केट केलर यांना एका पुस्तकातून मिळाली. चार्ल्स डिकन्सनं आपल्या अमेरिकेच्या प्रवासवर्णनात लॉरा ब्रिजमन या अंध-बधिर मुलीविषयी लिहिलं होतं. लॉराला बॉस्टनच्या पर्किन्स संस्थेत डॉ. सॅम्युअल हाऊ यांनी १८३७ पासून शिकवलं. चमचा, किल्ली अशा वस्तूंवर उठावाच्या अक्षरांच्या चिठ्ठ्या चिकटवून त्यांनी सुरुवात केली. पुढे ती बोटलिपी शिकली. बोटलिपीत प्रत्येक अक्षरासाठी एका हाताच्या बोटांची एक ठरावीक ठेवण असते. ती ठेवण समोरच्याच्या तळहातात करायची, म्हणजे त्याला स्पर्शानं अक्षर कळतं. लॉरा वाचायला, लिहायला, बोटांनी बोलायला शिकली. पुढे तिची प्रसिद्धी ओसरली, पण ती पर्किन्समध्येच राहत होती, शिवणकाम करत होती.

१८८६ साली केलर कुटुंब हेलनला घेऊन बाल्टिमोरच्या नेत्रतज्ज्ञांकडे गेलं. त्यांनी टेलिफोनचे संशोधक अलेक्झांडर ग्रॅहॅम बेल यांच्याकडे पाठवलं, कारण बेल बधिर मुलांच्या शिक्षणात रस घेत. बेल यांनी पर्किन्सचं नाव सांगितलं. पर्किन्सचे संचालक मायकेल अ‍ॅनॅग्नॉस यांनी आपली नुकतीच शिकून बाहेर पडलेली विद्यार्थिनी निवडली. तिचं नाव अ‍ॅन सलिव्हन, वय वीस.

अ‍ॅनचं बालपण हेलनच्या बालपणापेक्षा कितीतरी खडतर होतं. आई-वडील आयर्लंडहून आलेले, अत्यंत गरीब. खुपऱ्यांनी तिची दृष्टी लहानपणीच अधू केली. आई वारली, वडिलांनी पाठ फिरवली आणि दहाव्या वर्षी ती धाकट्या भावासह ट्यूक्सबरीच्या सरकारी अनाथ-दरिद्री आश्रमात येऊन पडली. काही महिन्यांतच भाऊ तिथं वारला. चार वर्षांनी आश्रमाची पाहणी करायला अधिकारी आले तेव्हा ही मुलगी त्यांच्यापुढे जाऊन ओरडली, की मला शाळेत जायचंय. चौदाव्या वर्षी पर्किन्समध्ये आली तेव्हा तिला अक्षरओळखही नव्हती. सहा वर्षांनी ती वर्गात पहिली आली.

पर्किन्समध्ये अ‍ॅन जिथं राहत होती तिथंच वयस्क लॉरा ब्रिजमनही होती. लॉराशी गप्पा मारायच्या म्हणून अ‍ॅन बोटलिपी शिकली. ३ मार्च १८८७ रोजी ती टस्कंबियाला उतरली तेव्हा तिच्या सामानात हेलनसाठी एक बाहुली होती. पर्किन्सच्या अंध मुलींनी दिलेली, आणि तिचे कपडे लॉरानं शिवलेले. अंध-बधिर लॉराच्या हातातून अर्धवट दृष्टीच्या अ‍ॅनच्या हातात आणि तिथून हेलनच्या तळहातावर, अशी ही भाषा आली. चमत्कार म्हणून सांगितल्या जाणाऱ्या या गोष्टीमागे पन्नास वर्षांचं शिक्षण, एक संस्था आणि तीन स्त्रियांचे हात होते.

पंपाजवळ काय झालं ते सर्वांना ठाऊक आहे. ‘मग’ आणि ‘पाणी’ या दोन शब्दांत हेलनचा गोंधळ होत होता. एका हातावर थंड धार आणि दुसऱ्या हातावर अक्षरं, असं झालं तेव्हा त्या अक्षरांचा आणि धारेचा संबंध तिला कळला. काही तासांत तिनं तीसेक शब्द उचलले. पण मला त्यानंतर अ‍ॅननं घेतलेला निर्णय अधिक मोलाचा वाटतो. नात्यातलं पंधरा महिन्यांचं एक मूल ती रोज पाहत होती. त्याला कुणी शब्दांचे पाठ देत नव्हतं. घरातले त्याच्याशी पूर्ण वाक्यांत बोलत, त्याला आधी कळे आणि बोलणं मागाहून येई. अ‍ॅननं ठरवलं, आपणही हेलनच्या हातात असंच बोलायचं. धडे, वेळापत्रक, एकेक शब्दाची घोकंपट्टी बंद. बागेत, जेवताना, नदीकाठी ती पूर्ण वाक्यं लिहीत राहिली आणि कळण्याची वाट पाहत राहिली. शिक्षणशास्त्राची पदवी नसलेल्या वीस वर्षांच्या मुलीनं निरीक्षणातून काढलेली ही पद्धत आहे. आजही अंध-बधिर मुलांबरोबर काम करणारे शिक्षक याच वाटेनं जातात.

शब्द कुणाचे?

अकरा वर्षांच्या हेलननं १८९१ साली अ‍ॅनॅग्नॉस यांना वाढदिवसाची भेट म्हणून एक गोष्ट पाठवली. हिमाच्या राजाची. ती कौतुकानं छापली गेली आणि मग कुणाच्या तरी लक्षात आलं, की मार्गारेट कॅन्बी या लेखिकेच्या जुन्या कथेशी ती फारच जुळते. कधीतरी ती कथा हेलनच्या हातावर वाचून दाखवली गेली होती. ऐकलेलं विसरलं, शब्द मात्र मनात राहिले. पर्किन्समध्ये चौकशी समिती बसली. अ‍ॅनला बाहेर पाठवून मुलीला एकटीला प्रश्न विचारले गेले. त्यातून ती सुटली, पण तो ओरखडा राहिला. पुढे कितीतरी वर्षं पत्र लिहितानाही हे वाक्य आपलंच आहे ना, अशी शंका तिला छळत असे.

खरं तर प्रत्येक मूल दुसऱ्यांच्या शब्दांतूनच आपली भाषा घडवतं. आपण कथा-कीर्तनातून, आजीच्या बोलण्यातून किती उचलतो, त्याचा हिशेब कुणी मागत नाही. हेलनकडून तो आयुष्यभर मागितला गेला. न पाहिलेल्या रंगाविषयी तिनं का लिहावं, न ऐकलेल्या संगीताविषयी का बोलावं? १९०८ सालच्या आपल्या पुस्तकात तिनं या आक्षेपांना उत्तर दिलं, तेही स्पर्शाच्या, वासाच्या आणि कंपनांच्या भाषेत. जमिनीच्या थरथरीतून येणाऱ्याची पावलं तिला ओळखू येत. वादळ यायच्या कित्येक तास आधी हवेतल्या वासावरून तिला त्याची चाहूल लागे. बोलणाऱ्याच्या घशावर अंगठा, ओठांवर तर्जनी आणि नाकपुडीशी मधलं बोट ठेवून ती त्याचं बोलणं वाचू शके.

ठिपक्यांचं भांडण

हेलनला कॉलेजात जायचं होतं, तेही डोळसांच्या. १८९९ साली रॅडक्लिफ कॉलेजच्या प्रवेशपरीक्षेत एक विचित्र अडचण आली. प्रश्नपत्रिका ब्रेलमध्ये होती, पण अमेरिकी ब्रेलमध्ये. ती लिपी हेलनला येत होती. बीजगणिताची चिन्हं मात्र ती ब्रिटिश ब्रेलमधून शिकली होती. परीक्षेच्या तोंडावर, आदल्या रात्री बसून तिला नवी चिन्हं पाठ करावी लागली. ती उत्तीर्ण झाली. १९०४ साली ती विशेष गुणवत्तेसह पदवीधर झाली. पदवी मिळवणारी ती पहिली अंध-बधिर व्यक्ती. चार वर्षं अ‍ॅन शेजारी बसून व्याख्यानं तिच्या हातावर उतरवत होती आणि ब्रेलमध्ये नसलेली पुस्तकं आपल्या अधू डोळ्यांनी वाचून दाखवत होती. याच काळात, १९०३ साली, हेलनचं आत्मचरित्र प्रसिद्ध झालं.

परीक्षेतली ती अडचण तिच्या एकटीची नव्हती. त्या काळी इंग्रजीत अंधांसाठी पाच वेगवेगळ्या लिप्या चालू होत्या आणि प्रत्येक संस्था आपापल्या लिपीला चिकटून बसलेली. एकाच पुस्तकाच्या निरनिराळ्या लिप्यांत प्रती निघत आणि तुटपुंजा पैसा त्यात वाया जाई. ज्यांच्यासाठी हे चाललं होतं त्या अंध वाचकांना कुणी विचारत नव्हतं. हेलन या पाचही लिप्या शिकली होती आणि एकच लिपी असावी म्हणून ती बोलत राहिली. अखेर १९३२ साली ब्रिटन आणि अमेरिका एका समान ब्रेलवर आले.

हा प्रश्न आपल्याला परका नाही. भारतातही भाषेगणिक आणि संस्थेगणिक वेगळ्या ब्रेल लिप्या होत्या. १९५१ मध्ये ‘भारती ब्रेल’ स्वीकारली गेली, तेव्हा मराठी, बंगाली, तमिळ अशा सगळ्या भाषांतला ‘क’ त्याच ठिपक्यांनी लिहिला जाऊ लागला. मराठी वाचणारं अंध मूल आज ज्या लिपीत बोट फिरवतं, तिच्यामागे जगभर चाललेलं हे भांडण आणि त्यातला शहाणपणा आहे.

डोळे कशानं जातात?

पदवीनंतर तिनं कौतुकाचे सत्कार घेत सुखानं राहावं, अशी लोकांची अपेक्षा होती. १९०६ साली मॅसॅच्युसेट्स राज्याच्या अंधविषयक आयोगावर तिची नेमणूक झाली आणि माणसं आंधळी का होतात, याचा ती अभ्यास करू लागली. त्या अभ्यासानं तिचं आयुष्य बदललं.

त्या काळी कितीतरी अर्भकांचे डोळे जन्मानंतर काही दिवसांतच जात. आईला गुप्तरोगाचा, बहुधा परम्याचा संसर्ग असे. तो बाळंतपणात बाळाच्या डोळ्यांत जाई. जर्मनीतल्या लाइपझिगचे डॉ. कार्ल क्रेडे यांनी १८८० च्या सुमारासच यावर उपाय शोधला होता: जन्मताच बाळाच्या डोळ्यांत सिल्व्हर नायट्रेटच्या सौम्य द्रावणाचा एकेक थेंब. त्यांच्या रुग्णालयात दहा बाळांमागे एकाला होणारा हा विकार त्यामुळे जवळपास नाहीसा झाला. तरी अमेरिकेत मुलं आंधळी होत होती, कारण नवऱ्याकडून बायकोला मिळणाऱ्या या रोगाचं नाव घेणंही सभ्य घरांत निषिद्ध होतं. १९०७ साली हेलननं हे लाखो घरांत जाणाऱ्या स्त्रियांच्या मासिकात उघड लिहिलं. अविवाहित, अंध-बधिर तरुणीनं गुप्तरोगावर लिहावं, ही त्या काळी किती धाडसाची गोष्ट होती!

पुढे तिला दिसलं, की कारखान्यांत कामगारांचे डोळे जातात कारण यंत्रांना संरक्षक जाळी लावणं मालकाला महाग वाटतं. गर्दीच्या वस्त्यांत खुपऱ्या पसरतात कारण तिथं स्वच्छ पाणी नाही. अंधत्व दैवानं येतं, असं ती लहानपणापासून ऐकत आली होती. आता तिला त्यामागे कमी मजुरी, अज्ञान आणि कुणाचातरी नफा दिसू लागला. १९०९ साली ती समाजवादी पक्षात गेली. तिनं स्त्रियांच्या मताधिकारासाठी लिहिलं, संपकऱ्यांना पाठिंबा दिला. कृष्णवर्णीयांच्या हक्कांसाठी लढणाऱ्या एनएएसीपी या संस्थेला देणगी आणि पत्र पाठवलं; त्यामुळे अलाबामातले तिचे आप्त दुखावले. १९१६ च्या जानेवारीत न्यूयॉर्कच्या कार्नेगी हॉलमध्ये तिनं युद्धाविरुद्ध संप करा, असं कामगारांना आवाहन केलं.

ती समाजवादी झाली तेव्हाच वर्तमानपत्रांचा सूर बदलला होता. तोवर तिच्या बुद्धीची तोंड भरून स्तुती करणाऱ्या ‘ब्रूकलिन ईगल’नं लिहिलं, की तिच्या चुका तिच्या विकासाच्या मर्यादांमुळे होतात. हेलननं १९१२ मध्ये जाहीर उत्तर दिलं. हेच संपादक पूर्वी भेटले तेव्हा त्यांनी इतकी प्रशंसा केली होती, की मला संकोच वाटला. मी समाजवादी झाले तेव्हाच त्यांना माझ्या डोळ्या-कानांची आठवण का झाली, असा तिचा सवाल होता. हे उत्तर आजही लागू पडतं. अपंग माणूस ‘प्रेरणादायी’ असतो तोवर सगळे टाळ्या वाजवतात. तो रॅम्प, नोकरी, निवृत्तिवेतन मागू लागला, सरकारला जाब विचारू लागला, की त्याची समज कमी पडते, त्याला कुणीतरी भडकवलं, असं बोललं जातं.

१९३३ साली जर्मनीत नाझी विद्यार्थ्यांनी जाळण्यासाठी गोळा केलेल्या पुस्तकांत हेलनचंही पुस्तक होतं. तिनं त्यांना खुलं पत्र लिहिलं: पुस्तकं जाळून विचार मरत नाहीत, हे इतिहासानं दाखवलं आहे.

एक मोठी चूक

हेलनच्या बाजूनं इतकं लिहिल्यावर तिची चूकही लिहिली पाहिजे. १९१५ साली शिकागोत गंभीर व्यंगं घेऊन एक बाळ जन्मलं. शस्त्रक्रियेनं ते कदाचित वाचलं असतं, पण डॉ. हॅरी हायसेल्डन यांनी ती करायला नकार दिला आणि बाळ गेलं. देशभर वाद उसळला. हेलननं ‘द न्यू रिपब्लिक’मध्ये पत्र लिहून डॉक्टरांची बाजू घेतली. अशा बाळांबाबतचा निर्णय तज्ज्ञ डॉक्टरांच्या मंडळावर सोपवावा, असं तिनं सुचवलं. सुप्रजननाची कल्पना तेव्हा पुरोगामी विचार म्हणून मिरवत होती आणि हेलनही त्या लाटेत सापडली. पण तिला टस्कंबियात अशा मंडळापुढे उभं केलं असतं तर काय निकाल लागला असता, हा प्रश्न ते पत्र वाचताना मनातून जात नाही. कुणाचं जगणं जगण्यालायक आहे हे बाहेरच्यानं ठरवायचं नसतं, हा धडा तिच्या सगळ्या आयुष्यातून मिळतो. त्या पत्रात मात्र तो हरवला.

दुसरा मुद्दा खुणांच्या भाषेचा. तिच्या जन्मवर्षी, १८८० साली, मिलान इथल्या परिषदेनं बधिर मुलांच्या शाळांत खुणांच्या भाषेऐवजी तोंडी बोलण्यालाच स्थान द्यावं, असं ठरवलं. बेल त्याच मताचे. हेलनही दहाव्या वर्षापासून बोलायला शिकत राहिली, आयुष्यभर घसा ताणत राहिली, तरी तिचं बोलणं परक्यांना नीट कळत नसे आणि याची खंत तिला शेवटपर्यंत होती. तोंडी बोलण्याच्या अट्टहासात आपल्या कित्येक पिढ्यांची भाषा दडपली गेली, असं बधिर समाज आज म्हणतो, आणि हेलनच्या प्रसिद्धीचा त्या अट्टहासाला हातभार लागला हेही खरं.

हात सुटल्यावर

लोकप्रिय गोष्टीत हेलन स्वावलंबनाची मूर्ती असते. प्रत्यक्षात ती कधीच एकटी नव्हती आणि तिनं तसा दावाही केला नाही. टंकलेखन ती स्वतः करी, पण छापलेला कागद परत वाचायला दुसऱ्याचे डोळे लागत. श्रीमंत पोलादसम्राट अँड्र्यू कार्नेगी यांनी देऊ केलेलं निवृत्तिवेतन तिनं आधी नाकारलं होतं. १९१३ मध्ये व्याख्यानाच्या दौऱ्यावर असताना मेन राज्यातल्या एका हॉटेलात अ‍ॅन एकाएकी आजारी पडून निपचित झाली. खोलीत दोघीच. हेलनला हाक मारून कुणाला बोलावता येईना, कुठं जावं कळेना. त्यानंतर तिनं कार्नेगींना पत्र लिहून ते वेतन स्वीकारलं. तत्त्व आणि पोट यांतली ही ओढाताण तिनं लपवली नाही.

१९१४ साली स्कॉटलंडहून आलेली पॉली थॉमसन घरात दाखल झाली आणि शेवटपर्यंत राहिली. १९१६ मध्ये हेलन आणि तिचा तात्पुरता सचिव पीटर फॅगन यांनी लग्न करायचं ठरवलं. बातमी फुटली, आईनं कडाडून विरोध केला आणि छत्तीस वर्षांच्या, जगप्रसिद्ध लेखिकेचं लग्न घरच्यांनी मोडलं. अपंग स्त्रीनं प्रेम करावं, संसार मांडावा, हे तिच्यावर जीव टाकणाऱ्यांनाही पेललं नाही. आपल्याकडे कितीतरी घरांत आजही हेच घडतं.

१९२० पासून चारेक वर्षं हेलन आणि अ‍ॅन रंगमंचावर उभ्या राहिल्या. कसरती, नकला, गाणी अशा मिश्र खेळांच्या कार्यक्रमात वीस मिनिटं त्यांची. लोक नाकं मुरडत. हेलनला मात्र तो गजबजाट आवडे आणि अ‍ॅनच्या म्हातारपणाची सोय लावायची होती.

जगाच्या वाटेवर

१९२४ पासून ‘अमेरिकन फाउंडेशन फॉर द ब्लाइंड’ हे तिच्या कामाचं घर झालं. १९२५ च्या ३० जूनला ओहायोतल्या सीडर पॉइंटला लायन्स क्लबच्या अधिवेशनात तिनं भाषण केलं आणि अंधत्वाविरुद्धच्या लढ्यात उतरा, असं आवाहन केलं. लायन्सनी ते आपलं मुख्य कार्य मानलं. महाराष्ट्रातल्या तालुक्याच्या गावी लायन्स क्लबच्या मोतीबिंदू शिबिराचा फलक दिसतो, त्याचा धागा त्या भाषणापर्यंत जातो.

अंधांसाठी बोलक्या पुस्तकांच्या ध्वनिमुद्रिका निघाल्या तेव्हा १९३५ मध्ये तिनं त्यांच्यासाठी सरकारदरबारी रदबदली केली. त्यातलं एक अक्षरही तिला ऐकू येणार नव्हतं. त्याच वर्षी आलेल्या सामाजिक सुरक्षा कायद्यात गरजू अंधांच्या मदतीची स्वतंत्र तरतूद झाली. तिचा आणि फाउंडेशनचा तो आग्रह होता.

२० ऑक्टोबर १९३६ रोजी अ‍ॅन गेली. एकोणपन्नास वर्षं हातात असलेला हात सुटला. काही महिन्यांतच हेलन पॉलीला घेऊन जपानला गेली, तिथल्या अंध कार्यकर्त्यांच्या निमंत्रणावरून. दुसऱ्या महायुद्धात ती जखमी सैनिकांच्या इस्पितळांत फिरली. १९४८ मध्ये ती पुन्हा जपानला गेली, हिरोशिमा आणि नागासाकीला. तिथं तिची बोटं भाजलेल्या चेहऱ्यावरच्या व्रणांवरून फिरली. बातम्या वाचून मत बनवणारे पुष्कळ असतात. हेलनला अणुबाँब बोटांनी कळला.

१९५५ साली, पंचाहत्तरीच्या उंबरठ्यावर, ती पाच महिन्यांच्या आणि सुमारे चाळीस हजार मैलांच्या आशिया दौऱ्यावर निघाली. त्यात भारत होता, मुंबईही होती. दिल्लीत ती पंडित नेहरूंना भेटली. तिची बोटं त्यांच्या चेहऱ्यावर फिरत असल्याचं छायाचित्र प्रसिद्ध आहे. जाईल तिथं तिचं मागणं साधं होतं: अंधांना शिक्षण द्या, काम द्या, दया नको. त्याच वर्षी हार्वर्डनं तिला मानद डॉक्टरेट दिली. तो मान मिळालेली ती पहिली स्त्री.

आज, इथं

१९७७ साली मुंबईत बेरोज वाच्छा यांनी अंध-बधिर मुलांसाठी संस्था सुरू केली आणि तिला हेलन केलरचं नाव दिलं. ही मुलं त्याआधी कुठं जात होती? अंधांच्या शाळेत शिकवणं कानावर चालतं, बधिरांच्या शाळेत डोळ्यांवर. दोन्ही दारं त्यांना बंद. अंध-बधिरत्व म्हणजे अंधत्व अधिक बहिरेपण अशी बेरीज नसते. ती वेगळीच स्थिती आहे, तिला वेगळे शिक्षक, वेगळी पद्धत आणि एका मुलामागे एक माणूस लागतो. भारतात २०१६ च्या दिव्यांग हक्क कायद्यानं बहुविकलांगतेत अंध-बधिरत्वाचा नावानिशी उल्लेख केला. नाव लागलं, हात पुरवणं अजून बाकी आहे. घराच्या कोपऱ्यात बसून स्वतःच्या खुणा तयार करणारी, ओठांवर बोटं ठेवून चिडणारी मुलं आपल्या गावांतही आहेत. त्यांना ‘वेडसर’ म्हणून बाजूला सारलं जातं. चमत्काराची गोष्ट सांगून त्यांचं काही होत नाही. अ‍ॅनला पर्किन्समध्ये जागा मिळाली म्हणून पुढे हेलनला शिक्षिका मिळाली, आणि ती जागा सरकारी खर्चानं मिळाली होती.

हेलनची रक्षा वॉशिंग्टनच्या नॅशनल कॅथीड्रलमध्ये आहे, अ‍ॅन आणि पॉली यांच्या शेजारी. जागा सांगणारी ब्राँझची पाटी भिंतीवर आहे. त्यावर अक्षरं आहेत आणि ब्रेलही. येणारे त्या ठिपक्यांवरून बोटं फिरवतात. इतक्या बोटांनी ते ठिपके झिजतात, की पाटी बदलावी लागते. ती झिजू दे. ते ठिपके वाचता येणारं बोट गावोगावी तयार व्हावं, एवढंच हेलननं एक्क्याऐंशी वर्षं मागितलं होतं.